फळीवरचा वाघ

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दायमाबादचा गेंडा आहे. चाकांवर उभा, ठेंगणा, भरदार. प्रवरेकाठी १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल हे झाडाचं मूळ खणत असताना तो सापडला. त्याच्याबरोबर हत्ती, रेडा आणि बैलजोडीचा रथही निघाला. चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. त्यांच्या वयाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण गेंडा महाराष्ट्रातून कधीचाच गेला आणि त्याची ही आकृती राहिली. कुठल्या गावात, कोणाच्या कुदळीखाली, कशाच्या मुळाशी ती मिळाली हे मात्र आपल्याला नीट सांगता येतं.

तसं सांगता येत नाही ते लाकडी वाघांबद्दल. उभी फळी, वर सूर्य-चंद्र, मधे शेपूट उचललेला वाघ, खाली साप. अशा फळ्या मी वेगवेगळ्या संग्रहांत पाहिल्या आहेत. एकीखालची चिठ्ठी मनात रुतून बसली: ‘वाघदेव. लाकूड. ठाणे जिल्हा.’ म्हणजे नेमकं कुठे? १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगावची बरीच गावं गुजरातेत गेली आणि उरलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. चिठ्ठी जुनी असेल तर ती फळी आजच्या दोन राज्यांतल्या कुठल्याही गावची असू शकते. वाघ असा बेपत्ता होऊन काचेमागे उभा राहावा हे मला सोसलं नाही. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीचा, म्हणजे वाघाच्या पूजेचा, मुहूर्त धरून, मी डहाणूची गाडी पकडली.

डहाणू रोडला उतरलं की पहिल्यांदा कानांना फरक कळतो. रिक्षावाला प्रवाशाशी गुजरातीत बोलतो, पोलिसाशी मराठीत, आणि चिकूच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाईशी तिसऱ्याच बोलीत. तिन्ही त्याच्या तोंडात सारख्याच सहज. आमच्या देशावर माणूस दुसऱ्या भाषेत शिरताना क्षणभर थांबतो, जणू उंबरठा ओलांडतो. इथे उंबरठाच नाही. बाजारात बोंबलांच्या माळा, सुकट, जवळा, आणि लगेच शेजारी ढोकळ्याचं दुकान. पाट्या दोन लिप्यांत. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुरूची झाडं आणि जुन्या पारशी-इराणी बंगल्यांचे लांब व्हरांडे.

त्यातल्या एका व्हरांड्यात एका इराणी आजोबांनी मला चिकू कापून दिला. त्यांचे पूर्वज इराणातल्या यझ्दकडून आलेले. “चिकू दाबून बघायचा नाही, त्याला लागतं,” असं ते म्हणाले आणि अंगठ्याने नुसतं साल चोळून आतला रंग दाखवला. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. त्या मानांकनाचा अर्थ एवढाच, की फळाला आपलं गाव सांगण्याचा कायदेशीर हक्क मिळतो. वाडीत काठीला जाळी लावून चिकू उतरवणाऱ्या सगळ्या बाया वारली होत्या. त्यांना वाघबारशीची सुट्टी असते का, असं विचारलं. आजोबा म्हणाले, “मागायला लागत नाही. त्या दिवशी कोणी येतच नाही.” ही वाडी, ही हिरवळ अजून टिकून आहे त्यामागे १९९१ ची अधिसूचनाही आहे. तिने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. आता वाढवणच्या बंदराचं काम निघालंय आणि व्हरांड्यातल्या गप्पा तिकडेच वळत होत्या.

डहाणूहून पूर्वेला गंजाड. इथल्या कळंबीपाड्यात वारली चित्रकार जिव्या सोमा मशे राहत. त्यांचा जन्म तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा, १९३४ चा. लहानपणी आई गेली आणि मुलगा बोलेनासा झाला, धुळीत बोटाने चित्रं काढून सांगू लागला, हे त्यांच्याबद्दल सगळेच सांगतात. लग्नाचा चौक लिहिणं हे सवाशिणींचं काम. पालघट देवीचा तो चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर उतरतो, लग्न लावणारी धवलेरी गाते, लग्न होतं, आणि पुढे पावसाळ्यात भिंत धुऊन निघते. कोणी सही करत नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी इथे आले आणि त्यांनी कागद आणि रंग दिले. जिव्यांची चित्रं दिल्ली, पॅरिस, जपानपर्यंत गेली, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. पण मला जिव्यांबद्दल सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. त्यांच्यामुळे या डोंगरातल्या चित्राखाली पहिल्यांदा एका माणसाचं आणि एका गावाचं नाव आलं. आज गंजाडच्या रस्त्याने गेलात तर घराघरांत गेरूच्या रंगाच्या कापडावर पांढऱ्या रेघा ओढणारे तरुण दिसतात, आणि प्रत्येक जण कोपऱ्यात नाव घालतो.

लाकडाच्या वाघाच्या वाट्याला ते आलं नाही.

गंजाडहून पुढे चारोटीला महामार्ग लागतो. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला हात जोडून मी पुढे निघाले. चैत्रात इथे पंधरा दिवस जत्रा असते आणि डोंगराच्या सुळक्यावर पुजारी झेंडा लावतो. दिवाळीच्या सुमाराला मात्र देवळापुढे चार दुकानं आणि भरपूर सावली. महामार्गाच्या कडेला बुलेट ट्रेनचे खांब उभे राहतायत. त्यांच्यामधून भाताची पिवळी खाचरं दिसतात. कापणी निम्मी झालेली, बांधावर भारे, आणि मोकळ्या झालेल्या शेतात गुरं सोडलेली.

तलासरीच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावर माझी सोय एका शाळामास्तरांच्या ओळखीने झाली होती. घर कुडाचं, कारवीवर शेणमातीचा गिलावा. घरच्या मावशींनी आल्याआल्या पाणी दिलं आणि विचारपूस केली नाही. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी प्रश्न मिळतात: कुठून आलात, कोणाचे, किती दिवस. इथे माणसाला आधी बसू देतात. मी स्वतःहून बोलायला लागेपर्यंत मावशी चवळीच्या शेंगा निवडत राहिल्या. रात्री तांदळाची भाकरी, उडदाची डाळ आणि भाजलेला सुका बोंबील. डाळीत तेलाचा थेंब नव्हता आणि ती मला घरच्या फोडणीच्या डाळीपेक्षा जास्त आवडली, कारण उडीद उडदासारखा लागत होता.

दुसऱ्या दिवशी आश्विन वद्य द्वादशी. आमच्याकडे ही वसुबारस. संध्याकाळी गाय-वासराची पूजा, बायकांचा उपास, दूध-तूप त्या दिवशी वर्ज्य, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. माझी आई अजूनही गाय नसली तरी पाटावर मातीची गाय-वासरं मांडते. त्याच तिथीला इथे वाघाची पूजा. एकच दिवस, एका बाजूला गाय आणि दुसऱ्या बाजूला तिला खाणारा. पाड्यावर उभं राहिल्यावर यात विरोध दिसेनासा होतो. गोठा असलेल्या माणसाने गाईसाठी जे मागायचं ते वाघापाशीच मागायला हवं, बाकी कोणाच्या हातात ते आहे?

पाड्याच्या वेशीवर, सादड्याच्या झाडाखाली वाघदेव. दीड हात उंचीची फळी, जमिनीत पुरलेली, शेंदराचे थरावर थर बसल्याने वाघाच्या कडा बोथट झालेल्या. सकाळी गुराखी पोरं आणि म्हातारे जमले. भगतबाबांनी पाणी घातलं, शेंदूर लावला, तांदळाच्या पुंजी मांडल्या, नारळ फोडला, कोंबडा दिला, पानाच्या द्रोणात ताडी ठेवली. मग एका पोराने अंगाला राखेचे पट्टे ओढले आणि तो वाघ झाला. बाकीचे त्याच्या मागे काठ्या घेऊन, हाळ्या देत, खाचरांतून, ओढ्यातून. वाघ झालेल्या पोराने खरोखर गुरांत शिरून एक वासरू बिथरवलं तेव्हा म्हाताऱ्यांना केवढा आनंद झाला! खेळ नीट झाला म्हणून. दुपारी सगळे तिथेच जेवले. उकडलेले करांदे, कोनफळ, चवळी, किसलेली काकडी तांदळाच्या पिठात घालून पानांत वाफवलेली. करांद्याचा कडवटपणा जिभेवर राहतो आणि त्यावर काकडीचा गोडसर घास बरा वाटतो.

“बाबा, इथे वाघ कोणी पाहिलाय?” मी विचारलं.

“बिबट्या येतो,” भगतबाबा म्हणाले. “कोंबड्या नेतो, कुत्रा नेतो. पट्ट्यांचा नाय. तो माझ्या आजाने पाह्यला.”

म्हणजे या वेशीवर ज्याची पूजा होते तो प्राणी या जंगलातून पुसला गेलेला आहे. दायमाबादच्या गेंड्यासारखाच. फरक इतकाच, की गेंडा घडवणारे हात थांबले आणि हे थांबलेले नाहीत.

फळी घडवणारे काका त्याच पाड्यावर राहतात. त्यांच्या ओसरीवर एक नवी फळी अर्धी झालेली होती. सागाची. नवा साग तोडायला परवानगी लागते, म्हणून भावाचं जुनं घर उतरवलं तेव्हाचा खांब त्यांनी चिरून घेतला होता. वाकसाने आकार काढलेला, पटाशीने खोदकाम. सूर्य आणि चंद्र आधीच खोदून झाले होते. “ते साक्षीला,” काका म्हणाले. वाघ खोदताना त्यांच्यापुढे कुठलं चित्र नव्हतं, मोबाईलमधला फोटोही नव्हता. त्यांनी बापाला खोदताना पाहिलं, बापाने आजाला. वाघ कोणी पाहिला असेल तर त्या आजाने.

न पाहिलेल्या प्राण्यावरून मला आठवलं, १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी डायनासोरांचे पूर्णाकृती पुतळे उभे केले. नामशेष प्राणी कसा दिसत असेल हे लोकांना असं पहिल्यांदाच कळलं. हाताशी तुटपुंजी हाडं होती, म्हणून इग्वानोडॉनच्या अंगठ्याचं टोकदार हाड त्याच्या नाकावर शिंग म्हणून बसलं. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत पूर्ण सांगाडे मिळाले तेव्हा ते हाताकडे आलं. पुतळे अजून तसेच आहेत, नाकावर शिंग घेऊन, आणि जगभरचे अभ्यासक त्यांच्या आड लपलेले हात, साचे, कागदपत्रं शोधत असतात. काकांची पटाशी चाललेली पाहताना मला वाटलं, न पाहिलेला प्राणी घडवायच्या दोन वाटा आहेत. एक हाडाकडून येते, दुसरी बापाच्या हाताकडून. हाडाकडून आलेल्या वाटेवर चूक सापडते आणि दुरुस्तही होते. हाताकडून आलेल्या वाटेवर प्राणी हळूहळू बदलत जातो, शेपूट पाठीवर जास्त वळते, कान गोल होतात, आणि तरी पाड्यावरचं लहान मूलही त्याला बघून वाघच म्हणतं. शहरातली माणसं या दुसऱ्या वाटेला ‘आदिम’ म्हणून मोकळी होतात, भीमबेटकाच्या गुहांपर्यंत तिची तार नेऊन जोडतात, आणि काकांचं नाव विचारायचं राहून जातं. मला तो अन्याय वाटतो. फळी हजारो वर्षांपूर्वीची नसते. ती कोणाच्या तरी घराच्या खांबाची असते.

“जुन्या फळीचं काय करता?”

“काय करायचं? ती झिजते, वाळवी लागते, पावसात बसते. मग नवी बसवायची. जुनी तिथेच राहते पायाशी, माती होईपर्यंत.”

मी त्यांना संग्रहालयातल्या फळ्यांबद्दल सांगितलं. काचेमागे, वाळवी न लागता, शंभर वर्षं. ते पटाशी ठेवून ऐकत राहिले. “चांगलं आहे,” म्हणाले. “पण बारशीला त्याला नारळ कोण देतो?” तक्रार नव्हती त्यात. खरंच जाणून घ्यायचं होतं. कोणी देत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पटाशी उचलली.

त्या रात्री जमीन हलली. एक घुमणारा आवाज, पत्र्याची थरथर, फळीवरची भांडी किणकिणली. मावशी उठून बसल्या, थांबल्या, पुन्हा आडव्या झाल्या. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या परिसरात असे धक्के बसत आले आहेत. तेव्हा माणसं कित्येक रात्री तंबूत झोपली. इथल्या खडकाबद्दल सकाळी मास्तरांशी बोलणं झालं. शाळेमागचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. डायनासोर संपले तो काळ. मास्तर मुलांना ते कातळावर बसवूनच शिकवतात. मी त्यांना टायटॅनोसॉरस इंडिकसची हकिगत सांगितली. १८२८ मध्ये जबलपूरला कॅप्टन स्लीमन यांना मोठाले मणके मिळाले. १८७७ मध्ये लिडेकर यांनी त्यांना हे नाव दिलं. पुढे ते मणके हरवले, असंच सगळे धरून चालले. २०१२ साली भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कोलकात्याच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात त्यातला एक पुन्हा ओळखू आला. भारतात मिळालेला पहिला डायनासोर आपल्याच कपाटात हरवला होता! मास्तरांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं, वर्गात सांगायला.

तलासरी गावात फार थांबले नाही. महाविद्यालयाच्या कमानीवर गोदावरी परुळेकरांचं नाव आहे. त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलेल्याला इथली गावांची नावं परकी राहत नाहीत. झरी हे त्यांतलं एक. १९४५ च्या मे महिन्यात तिथे वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगार करणार नाही असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांचा बळी गेला. झरीच्या रस्त्याने चालताना सावकारांच्या वह्या डोक्यात येत राहिल्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबलेल्या लग्नगड्यांची नावं त्या वह्यांत अचूक होती, पै-पैच्या हिशेबासकट. ज्यांची नावं कर्जापुढे लिहायला कोणी विसरलं नाही, त्यांच्याच हाताने खोदलेल्या वाघाखाली नाव लिहायला मात्र जागा उरली नाही. संग्राहकांनी हे वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. हकू शाह यांच्यासारखी माणसं शेजारच्या गुजरातेत मातीचे घोडे, वाघ, हत्ती अर्पण करणाऱ्या कुंभारांच्या दारात वर्षानुवर्षं बसली, त्यांनी नावानिशी लिहिलं. १९६८ साली फिलाडेल्फियात स्टेला क्रॅमरिश यांनी भारतातल्या लोककलेचं मोठं प्रदर्शन मांडलं त्याला शाह यांचा हातभार होता. म्हणजे ते करता येत होतं.

तिथून बहारोटला गेले. बारड डोंगरातल्या गुहा पारशी लोकांना पूज्य आहेत. संजाण पडलं तेव्हा इराणशहाचा पवित्र अग्नी इथे आणला, बारा वर्षं जपला, मग वांसदा, मग नवसारी, आणि १७४२ पासून उदवाड्याला, असं परंपरा सांगते. डहाणूच्या इराणी आजोबांनी ही सगळी वाट मला एका दमात सांगितली होती, स्टेशनांची नावं सांगावीत तशी. एका अग्नीचा प्रवास एवढ्या लोकांना पाठ आहे, कारण त्यांनी तो सांगायचं थांबवलं नाही.

वाट दाखवायला पायथ्याच्या पाड्यावरचे एक वारली दादा बरोबर होते. गुहेपाशी बसून आम्ही भाकरी सोडली. खाली चिकूच्या वाड्या, बोर्डीचा किनारा, आणि पलीकडे गुजरात. मी त्यांना विचारलं, “या भागात वाघदेव कुठे कुठे आहेत?” त्यांनी बोट दाखवून सांगायला सुरुवात केली आणि मी वहीत लिहायला. ओढ्याकडेचा, खळ्यापाशीचा, पाटलाच्या बांधावरचा. चार-पाच लिहून झाल्यावर त्यांनी वहीत डोकावून मला थांबवलं.

“ताई, तसं नाय. आधी उगवतीचा लिहा. तो सगळ्यांत जुना. माझ्या आजाच्या चुलत्याने खोदला, शिवणीच्या लाकडाचा.”

मी नवं पान घेतलं. मग ते नीट क्रमाने सांगत गेले. कोणी खोदला, कुठल्या लाकडाचा, कोणाच्या गाईला काय झालं म्हणून बसवला, वादळात कोणता पडला आणि त्याच्या जागी कोणी नवा दिला. वेशीवर एकाही फळीखाली चिठ्ठी नाही, आणि त्यांची एवढी मोठी नोंद हा माणूस डोक्यात घेऊन फिरतो आहे. त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

“खळ्यापाशी दोन होते,” ते म्हणाले. “एक मुंबईच्या माणसांनी नेला. मी पोरगा होतो तेव्हा. जीप घेऊन आले. आजाने आधी नवा बसवला, त्याला नारळ दिला, मग जुना दिला. पैसे नाय घेतले.”

“आता दिसला तर ओळखाल?”

“का नाय? सापाच्या शेपटीपाशी फळी फाटलेली आहे, उजवीकडून. तिथे आजाने बाभळीची पाचर ठोकली. पाचर आडवी आहे, उभी नाय.” त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पाचर कशी बसवली ते वहीत काढून दाखवलं. मग मापही घातलं, दोन बोटं.